बाकड्याची कड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या मास्तरांना नाही, आणि लेकीला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता नाही तर कधी, म्हणूनही असेल.

लढाईचे दिवस होते. मास्तर रहिमतपूरला शाळेत, आणि मी सांगलीच्या सुताराची लेक, नवा संसार मांडलेली. तानूआक्कांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. काय दिवस होते ते! गुऱ्हाळं लागली की अख्ख्या गावाला गुळाचा वास यायचा. आक्का वाटीभर गरम काकवी घेऊन दारात उभ्या राहायच्या, आणि पोटुशी बाईनं नको म्हणू नये, असा दमही द्यायच्या. आजही काकवी म्हटलं की मला ती वाटी दिसते, काठाशी पोचा आलेली.

आक्का विधवा. ऊस दीर बघायचे, आणि एकुलता एक सदू पलटणीत, समुद्रापार कुठंतरी. आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळं बघायचं काम बोटं करायची. तांदूळ बोटांनी निवडायच्या, माणूससुद्धा हात धरून ओळखायच्या.

आमच्या खोलीत त्यांचं एक सागवानी बाकडं होतं. राहायला आलो त्या दिवशीच त्यांनी बजावलं, की खोली तुमची, बाकडं माझ्या सदूचं. बस, एवढंच. आमच्या आधीच्या बिऱ्हाडानं भिंतीत न विचारता खुंटी ठोकली, तर आठ दिवसांत त्यांचं चंबूगबाळं रस्त्यावर आलं होतं. ही गोष्ट मला गल्लीतल्या तीन बायकांनी तीन वेळा सांगितली. मग मी घाबरणार नाही तर काय?

आणि तेच बाकडं मी जाळलं.

शाळा तपासायला साहेब येणार होते. बाकड्यावर घोंगडी घालून मी मास्तरांच्या कोटाला कोळशाची इस्त्री करत होते. तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं, मी धावले. परत येते तो इस्त्री घोंगडीवरून घसरलेली, आणि कडेपर्यंत तळहाताएवढं लाकूड काळं पडलेलं. सहावा महिना, वर्षात आधीच दोन खोल्या सुटलेल्या. आता तिसरी कोण देणार? पोटुशीला आक्कांनी खरंच घालवलं असतं का? नसतं घालवलं, असं आज वाटतं. पण विचारून बघायची छाती कुणाला होती?

नशीब म्हणा, नाहीतर दुर्दैव म्हणा — आक्का खंडाळ्याला भावाकडं लग्नाला गेल्या होत्या. चार दिवस होते हातात.

आमच्या वडिलांनी मला पोरासारखं काम शिकवलं होतं. इतर मुली सासरी जाताना करंडा नेतात, मी ट्रंकेत लहान रंधाही नेला होता. वडील म्हणायचे, दुरुस्ती दिसली म्हणजे ती दुरुस्तीच नव्हे. काचेच्या तुकड्यानं मी जळकं खरवडलं. कडेला खोलगट झालं. डोळ्याला ते दिसलं नसतं, पण आक्कांच्या बोटाला? म्हणून पुरी कड एका पातळीत आणायची ठरवली. वीतभर अंतरावर कडेला चार-पाच बारीक खाचा होत्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. रंध्याचे सात-आठ हात मारले, त्या गेल्या. मग काताचं पाणी लावून रंग जुन्यासारखा केला आणि जवसाचं तेल जिरवलं. इतकं बेमालूम झालं की मला आनंद झाला. हो, आनंद झाला. मी गुणगुणत होते.

त्या खाचा मला ठाऊक नव्हत्या का? — होत्या. येता-जाता आक्का तिथं टेकायच्या आणि बोट त्याच जागी फिरवायच्या, हे मी रोज बघत होते. कशासाठी, ते कधी विचारलं नाही. रंधा हातात असताना आठवलं होतं. तरी मारला.

आक्का आल्या. लग्नातले लाडू माझ्या हातावर ठेवले, बाकड्यावर बसल्या आणि बोट कडेला गेलं. ते पुढं सरकलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

"मास्तरीण, हितं माज्या सदूचं दात हुतं गं."

मग सांगू लागल्या. सदू दहा महिन्यांचा. त्या जात्यावर बसायच्या तेव्हा तो बाकडं धरून उभा राहायचा आणि दात शिवशिवतात म्हणून कड चावायचा. त्या बोलत होत्या आणि माझ्या तळहाताला तेलाचा वास येत होता. तेव्हाच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणाले, "कसलं दात, आक्का? कड तर पयल्यापासनं गुळगुळीतच हाय."

पुढं आक्का कितीतरी दिवस येऊन चारी बाजू चाचपायच्या. आपण बाजू विसरलो असू, असं वाटायचं बिचारीला. मग गल्लीत सांगू लागल्या, की माझं डोस्कं चाललं. आणि बायका मान डोलवायच्या. मीही डोलवली.

बाळंतपणाला मी सांगलीला गेले, तिथंच मास्तरांचं पत्र आलं. सदू गेला होता. तार आक्कांना मास्तरांनीच वाचून दाखवली होती. लेकीला घेऊन मी परत आले, तर आक्का आमच्या दारापर्यंत यायच्या, उंबऱ्याशी थांबायच्या आणि तशाच फिरायच्या. बाकड्याकडं यायच्याच नाहीत. ते उंबऱ्याशी थांबणं मला सोसेना.

आता खरं सांगायचं ते हे.

लेक दहा महिन्यांची झाली, तिला दात आले. मी तिला उचलून त्या बाकड्याशी उभी केली — त्याच बाजूला, त्याच जागी. ती चावू लागली. आठवडाभर रोज उभी केली. मग त्या खुणांना काताचं पाणी लावलं, तेल चोळलं, चुलीतली राख बोटानं भरून पुसली. वीस-बावीस वर्षांच्या जुन्या दिसाव्यात म्हणून. सुताराची लेक ना मी! आक्कांच्या दुःखासाठी केलं असं म्हणता येईल. पण ते खरं नाही. मला तो उंबरा मोकळा हवा होता.

आणि मीच त्यांना हाताला धरून बसवलं.

बोट गेलं, थांबलं. मग माझा हात ओढून माझं बोट त्यांनी त्या खाचांवर ठेवलं.

"घावलं गं. हितंच हाईत. माजीच बोटं आंधळी झाल्ती." आणि मग हळूच म्हणाल्या, "म्या मनात तुज्यावर संशय घेतला व्हता. पोटुशी बाईवर. मला माफ कर, बाई."

मी म्हणाले, "असू द्या, आक्का."

माफ केलं मी त्यांना!

पुढल्या वर्षी मास्तरांना सांगलीची शाळा मिळाली. टांगा दारात आला तेव्हा आक्का बाकड्यावरच बसल्या होत्या. एक हात त्यांनी लेकीच्या तोंडावरून फिरवला, आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. दुसरा हात कडेवरून उचलला नाही. पुन्हा काही त्यांची माझी भेट झाली नाही.

लेकीचे आता केस पिकलेत. तिला वाटतं, रहिमतपूरला तिची काहीच खूण उरलेली नाही. आणि सदूच्या खुणा? रंधा मारून झाल्यावर ढलप्या गोळा केल्या, चुलीत घातल्या. त्या जाळावर मी चहा केला होता.