डाव्या हाताचा घास

केजला निघालो तेव्हा सुनेनं दारातच अट घातली. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, पण आमची सुरेखा तो शब्द पोलिसानं नाव विचारावं तसा उच्चारते.

"मामा, दसरा झाला की टोळी निघतीय. पोरगी आपल्या हातानं जेवली, आपले आपण कपडे घालू लागली, तर ठिवते तुमच्यापाशी. न्हाईतर नेते कोपीवर."

टोळी म्हणजे ऊस तोडायला एकत्र जाणारी माणसं, आणि कोप म्हणजे फडाशेजारी पाचटाची झोपडी. मी म्हणालो, "तिथं नेऊन काय करशील तिचं?"

"बांधावर बसवीन. तुमाला सोताला चहा करता येत न्हाई, तुमी काय सांभाळणार?"

चहाचं खरं होतं.

पोरगी म्हणजे कोमल, माझी नात. आठ वर्षांची. जन्मापासून तिचा उजवा हात आणि उजवा पाय कमजोर. पाय ओढत चालते, हात कोपरात मुडपून छातीशी धरते. डोकं लई चालतं आणि तोंड त्याच्या पुढं पळतं. आतापर्यंत दरसाल मुलगा-सून ऊसतोडीला गेले की तिला तिची आजी सांभाळायची. आजी, म्हणजे आमची गया, फाल्गुनात गेली. तेव्हापासून घरात कोणती वस्तू कुठं असते हे कुणालाच माहीत नाही. मला तर माझं मलाच माहीत नाही. कोमल कोपीवर गेली की शाळा सुटली, आणि एकदा सुटलेली शाळा परत लागत नाही, हे मी चौथीत सोडून बघितलेलं आहे.

शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की केजला अपंग लेकरांचं शिबिर आहे. तिथं दाखला पण मिळतो आणि हात कसा वापरायचा ते शिकवणारी मॅडम पण येते. म्हणून आम्ही निघालो.

घाटनांदूरच्या फाट्यावर काळीपिवळी (भाड्याची जीप) मिळाली. नऊ जणांच्या गाडीत आम्ही किती होतो ते विचारू नका. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसून चालवत होता. रस्त्यावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, त्यामुळं निम्मा रस्ता शेतकऱ्याचा आणि निम्मा आमचा. समोरून टेम्पो आला की दोघांनी थांबायचं, एकमेकांच्या गावची विचारपूस करायची आणि मग ज्याला लाज वाटेल त्यानं गाडी मागं घ्यायची. आमच्या ड्रायव्हरला ती वाटत नव्हती.

शेजारी एक बाई सीताफळाची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं कोमलला एक पिकलेलं सीताफळ दिलं. कोमलनं डावा हात पुढं केला. तशी ती बाई, मी आणि मागच्या सीटवरचा एक म्हातारा असे तिघं एकदम बोललो, "उजव्यानं घे गं."

"उजवा येत न्हाई," कोमल म्हणाली.

"मग आज्याला घिऊ दे," बाई म्हणाली. मी घेतलं, फोडलं, बिया काढून एकेक गर तिच्या तोंडात घातला. गाडीतल्या सगळ्यांना बरं वाटलं.

मागचा म्हातारा आपेगावाकडचा होता. शिबिराला चाललोय म्हटल्यावर तो सल्लागार झाला. "हे बघा पाव्हणं, तिथं टक्के काढतेत. चाळीसाच्या खाली गेलं की दाखला असून उपेग न्हाई. पोरीला सांगा, हात लुळा सोडायचा. आमच्या भाच्यानं डाक्टरपुढं माशी हाकलली, गेले टक्के."

"किती माशा होत्या?" कोमलनं विचारलं.

"एकच. पर ती महागात पडली."

अंबाजोगाईला जीप सोडून एसटीत बसलो. गाडी गावाबाहेर पडून डोंगराच्या कडेला लागली तेव्हा लक्षात आलं की भाकरीची पिशवी जीपमध्येच राहिली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं प्रवासात पिशवी सांभाळायचं काम गयाचं. मी नुसतं उतरायचं आणि पुढं चालायचं. आजही तसाच उतरलो आणि पुढं चाललो. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, वर कांदा. आता ड्रायव्हर खात असेल, अर्धा बाहेर बसून.

बाहेर बालाघाटाचे डोंगर पावसानं अजून हिरवे होते, पण कडेकडेनं पिवळे पडायला लागलेले. कोमल खिडकीला नाक लावून बसली होती. मी तिला हात लुळा सोडायचा सराव करायला सांगितला. तिनं असा सोडला की कंडक्टरनं तिकीट न मागता मला विचारलं, "बाबा, पोरगी शुद्धीवर हाय ना?"

केजचं शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं. कमानीवर फुलं सुकून लटकत होती, आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांवर दोन डॉक्टर बसले होते. लोक पाया पडावं तसे एकेक करून वर चढत होते. एका बाईनं सवयीनं अक्षता टाकल्यासारखा हात केला आणि ओशाळून मागं घेतला.

खाली कोपऱ्यात एका टेबलावर पाटी होती: व्यवसायोपचार. तिथं एक माणूस अडून उभा होता, त्याला शेळ्यांसाठी कर्ज पाहिजे होतं. टेबलामागची मॅडम त्याला शांतपणे सांगत होती, "दादा, हा धंद्याचा उपचार नाही. लेकरांना रोजची कामं हातानं करायला शिकवतो आम्ही."

"मग शेळ्यांचं कुठंय?"

"ते मला माहीत नाही."

"सरकारात कुणालाच कसं माहीत नसतं बे," असं माझ्याकडं बघून म्हणत तो गेला.

आमचा नंबर आधी स्टेजवर लागला. कोमलनं तिथं जे केलं ते मी जत्रेतल्या तमाशातसुद्धा पाहिलं नाही. उजवा हात लोंबकळत सोडला, तो ठीक. पण डावाही सोडला. मग मान टाकली. डोळा तिरळा केला. आणि कमी पडायला नको म्हणून जीभ बाहेर काढली.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "आजोबा, हिची मान कधीपासून अशी आहे?"

"अंबाजोगाईपासून," मी म्हणालो. खोटं बोलायला मला नीट येत नाही.

डॉक्टरांनी खिशातून चॉकलेट काढलं. पोरीची मान सरळ झाली, डोळा जागेवर आला आणि डाव्या हातानं तिनं चॉकलेट असं उचललं की त्यांचा पेनही खाली पडला. ते हसले. मग त्यांनी खरोखरच नीट तपासलं, उजव्या हाताची बोटं एकेक उघडून पाहिली, पाय वाकवून पाहिला. दाखल्याचं नंतर कळेल म्हणाले. मग मॅडमच्या टेबलाकडं पाठवलं.

पायऱ्या उतरताना कोमलनं माझं धोतर ओढलं. "आबा, आता तिथं येतंय म्हणायचं का येत न्हाई म्हणायचं?"

सरकारचंच तसं आहे. वरच्या खुर्चीला किती मोडलंय ते दाखवायचं आणि खालच्या खुर्चीला किती चालतंय ते. खुर्च्या दोन आणि लेकरू एकच.

"खरं सांग," मी म्हणालो.

मॅडम लातूरकडच्या होत्या. ओढणी कमरेला खोचून सतरंजीवर मांडी घालून बसल्या. त्यांनी कोमलकडून मणी ओवून घेतले, डबीचं झाकण उघडायला लावलं, सदऱ्याची बटणं लावायला लावली. कोमलनं बटण लावायला घेतलं की मी लावून टाकायचो. तिनं झाकणाला हात घातला की मी उघडून द्यायचो. मला वाटलं, मदत केली तर लवकर उरकेल.

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला तपासायला कुणी आणलंय का?"

"न्हाई."

"मग हात मांडीखाली घालून बसा."

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. शिबिरात पोळी-भाजी नव्हती, लग्नाच्याच आचाऱ्यानं मोठ्या पातेल्यात खिचडी केली होती. आमची पिशवी गेलेली, त्यामुळं मला ती देवासारखी वाटली. मॅडम म्हणाल्या, "इथंच जेवा. मला बघू द्या ही कशी जेवते."

ताट आलं. मी सवयीनं खिचडी कालवली, घास केला. मॅडमनी नुसतं माझ्या हाताकडं बघितलं. मी हात परत मांडीखाली घातला, खिचडीसकट. कोमलनं चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कुणी काही घालेना तेव्हा मिटलं.

"खा ना," मॅडम म्हणाल्या.

"कशानं?"

"हा हात आहे ना चांगला? डाव्यानं."

कोमलनं माझ्याकडं पाहिलं. "डाव्यानं खाल्लं की आजी रागवती."

"आजी कुठंय?"

"देवाघरी."

मॅडम मला म्हणाल्या, "आजोबा, हिचा डावा हात अगदी उत्तम आहे. आठ वर्षं झाली, ही जेवत का नाही त्यानं?"

"डाव्यानं कोण जेवतं मॅडम? डाव्या हाताचं काम येगळं असतंय. तुमाला काय सांगायचं आता."

"घरात साबण आहे?"

"हाय की."

"मग?"

साबण घरात होता. डावा हात पोरीला होता. भूक होती, ताट होतं. फक्त ते सगळं एका जागी आणायचं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गया रोज संध्याकाळी पोरीला एका मांडीवर घ्यायची, दुसऱ्या मांडीवर ताट ठेवायची आणि भरवायची. पोरीचा डावा हात ताटाकडं गेला की त्यावर हलकी चापट. लई माया होती त्या चापटीत. मला ती चापट ऐकू आली, त्या मंगल कार्यालयात, पंख्याच्या घरघरीतसुद्धा. मी हो म्हटलं तर गयाचा शब्द मोडणार. ती असती तर भांडून तरी घेतलं असतं. नसलेल्या माणसाशी भांडण जिंकता येत नाही.

पण दसरा जवळ आला होता.

"खा," मी म्हणालो.

"आजी?"

"आजीला मी सांगतो. तू खा."

तिनं खाल्लं. पहिला घास कानाकडं गेला, दुसरा गालावर बसला, तिसरा तोंडात. ताट सतरंजीवरून पळायला लागलं तेव्हा मॅडमनी ओला रुमाल पिळून ताटाखाली घातला. ताट जागेवर बसलं. मग उजव्या हाताची मूठ ताटाच्या कडेवर टेकवायला लावली. "हा हात आता मदतनीस. काम डावा करेल, हा धरून ठेवेल. सुट्टी कुणालाच नाही." चौथा-पाचवा घास होईतो पोरगी भुवयांपर्यंत पिवळी झाली होती आणि माझ्याकडं बघायची पण थांबली होती. मी मांडीखाली हात घालून उपाशी बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जेवू शकता आता." पण मुंग्या आल्यामुळं माझेच हात चालेनात.

निघताना मॅडमनी पोरीच्या सलवारीची नाडी धरून दाखवली. "ही काढा आणि इलॅस्टिक घाला. एका हातानं नाडी तुम्हाला तरी बांधता येईल का?" मी बांधून बघितली, माझ्या धोतराला नव्हे, तिथल्या एका दोरीला. नाही आली. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो की पोरीला कपडे घालता येत नाहीत. खरं तर निम्मं अपंगत्व त्या नाडीत होतं.

"मॅडम, आमच्या गावात याल का?" मी विचारलं.

"महिन्यातून एकदा इथं येते, आजोबा. बाकीचे तालुके पण माझ्याचकडं आहेत."

योजनेच्या पाट्या मी येताना प्रत्येक फाट्यावर पाहिल्या होत्या. पाट्या रंगवणारे पुष्कळ असावेत. मॅडम एकच आहे. हे मी तिथल्या साहेबांना जाताना सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. मी म्हणालो, नीट लिहिता येत असतं तर मी पण खुर्चीवर बसलो असतो. हे प्रवासवर्णनही शाळेतल्या बाईंनी शुद्ध करून दिलंय, त्याला काय झालं.

केजच्या बाजारात एका चाचांच्या दुकानी इलॅस्टिक घेतलं. चाचांनी ते ताणून दाखवलं, कोमलनं ताणून सोडलं, ते चाचांच्या बोटावर बसलं.

"बच्ची के हाथ में ताकत है," चाचा बोट चोळत म्हणाले.

"डाव्यात," मी म्हणालो.

"मुझे भी बाएँ पे ही लगी," ते म्हणाले आणि वर वीतभर जास्त दिलं.

दिवस मावळताना घरी पोचलो. सुरेखानं ताट वाढलं आणि भरवायला बसली. कोमल म्हणाली, "सरक." ओला रुमाल मागितला, ताटाखाली घातला, उजवी मूठ कडेवर टेकवली आणि डाव्या हातानं आमटीत भाकरी कुस्करायला लागली.

"अगं, डाव्यानं?" सुरेखाचा हात उठला.

"मारू नको," मी म्हणालो.

"मामा, आत्याबाईंनी कधी डाव्यानं शिवू दिलं न्हाई ताटाला."

"तुझ्या सासूशी मी बोललोय."

सुरेखानं माझ्याकडं नीट बघितलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. मग पोरीकडं बघत राहिली. निम्मं ताट संपलं, निम्मं अंगावर. दारातून बाळू, माझा मुलगा, तो पण बघत होता. सुरेखानं पदरानं डोळे पुसले आणि पोरीच्या ताटात आणखी आमटी वाढली.

"ऱ्हाऊ द्या हिला हितंच," ती बाळूला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पर हिला भाकरी कोण करून घालणार? ही जेवंल, पर जेवंल काय?"

याचं उत्तर शिबिरात सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला परातीपुढं बसवलं. माझी पहिली भाकरी तव्यावर जाताना वाटेतच वाकडी झाली. कोमल शेजारी बसून म्हणाली, "आबा, दोन्ही हात चांगलेत ना तुमचे? मग?"

लोक काशीला जाऊन येतात आणि आवडीची एखादी भाजी तिथं सोडून येतात. मी केजपर्यंतच गेलो आणि डावं-उजवं सोडून आलो. गया रागावली असेल. रागावू दे, तेवढंच कुणीतरी रागावतंय असं वाटतं. आमच्या व्याह्यांनी काशीत वांगं सोडलं होतं, ते पोळ्यालाच परत खायला लागले. माझं किती टिकतंय ते दसऱ्यानंतर घरात आम्ही दोघंच उरल्यावर कळेल.