हर्षदावर सगळ्यांचा डोळा

ज्या चढाईमुळे हे सगळं सुरू झालं, ती मी पाहिलेली नाही. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना चालू असताना मी संख्याशास्त्राच्या अंतर्गत परीक्षेवर सुपरव्हिजन करत होते. आमच्या हर्षदा पाटीलने एकाच चढाईत तिघींना बाद केलं, असं आमचे क्रीडाशिक्षक भोईर सर त्या दिवशी म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्या चौघी झाल्या. सध्या आकडा सातवर आहे. संघात सातच जणी उतरतात म्हणून तो तिथे थांबला, एवढंच!

भिवंडीतल्या आमच्या स्टाफरूममध्ये किस्से गोदामात माल उतरावा तसे उतरतात. ठेवायला जागा आहे का, हे कुणी विचारत नाही. त्यातले थोडे इथे देते. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून, आणि जे ऐकलं ते सांगणाऱ्याच्या नावानिशी.

पूर्वी कबड्डी खेळणारी मुलगी महाविद्यालय निवडायची ती फीमाफी, ट्रॅकसूट आणि एसटीचा थांबा बघून. आता प्रवेशाच्या टेबलाशी पहिला प्रश्न येतो, "मॅडम, स्पॉन्सर कोण आहे?" मी प्रवेश समितीवर आहे. या प्रश्नासाठी माहितीपत्रकात रकाना नाही.

*

हर्षदा भिवंडीजवळच्या राहनाळची. आमच्याकडे तृतीय वर्षात शिकते, विषय माझाच. तिचा स्पॉन्सर म्हणजे टाइल्सचं दुकान असलेले विलासशेठ. हंगाम खेळली तर पैसे चालू, नाही खेळली तर बंद, असा त्यांचा साधा करार. त्या पैशावर तिला एम.एस्सी. करायचं आहे. तिने ते माझ्याच विभागात करावं, अशी माझी इच्छा आहे. ही इच्छा निःस्वार्थ नाही. वीस वर्षांत असं डोकं माझ्या वर्गात दुसरं आलेलं नाही.

विलासशेठांनी संघाला नव्या जर्सी दिल्या. छातीवर टाइल्स, पाठीवर टाइल्स. प्राचार्यांनी जर्सी उलटसुलट करून पाहिली.

"आपलं बोधचिन्ह कुठंय?"

"आहे की सर," विलासशेठ म्हणाले. "काखेत."

"काखेत?"

"चढाईला हात वर केला की दिसतं! आणि हर्षदाचा हात तर वरच असतो, सर."

*

मला पीएच.डी. मिळाली तेव्हा महाविद्यालयाने अभिनंदनाचा एक कागद सूचनाफलकावर लावला होता. तिसऱ्या दिवशी त्यावर कँटीनच्या टेंडरची नोटीस लागली. माझ्या नावातलं फक्त आडनाव उघडं राहिलं.

हर्षदाचा फ्लेक्स नाक्यावर आहे. दोन मजली इमारतीएवढा. मागे संगमरवरी दिसणारी टाइल, पुढे हर्षदा, मांडीवर थाप मारताना. मी रोज रिक्षाने त्याखालून जाते आणि रोज ठरवून मोबाइलमध्ये बघते.

एकदा सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी रिक्षा थांबवायला लावली.

"ही तुमच्या कॉलेजातली ना?"

"हो."

"तू शिकवतेस हिला?"

"हो." माझा आवाज थोडा वर गेला, हे मान्य करते.

त्यांनी फ्लेक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट वाचला. मग माझ्याकडे वळल्या. "मग तुझं नाव कुठंय?"

*

एका लूमवाल्या अन्सारीचाचांनी हर्षदाला कापडाच्या जाहिरातीसाठी बोलावलं. मुलीबरोबर प्राध्यापिका हवी म्हणून मला जावं लागलं. तिला खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, शहाळं मिळालं. मला "मॅडम, ज़रा साइड में" एवढं मिळालं.

आवाजात रेकॉर्डिंग होईना, तेव्हा चाचांनी सगळे लूम बंद करवले. अचानक इतकी शांतता झाली की शेजारच्या शेडमधले कामगार घाबरून बघायला आले. त्यांतला एक म्हातारा मला म्हणाला, "बाईजी, ये मशीनें दो ही वजह से रुकती हैं. या बिजली जाए, या ये लड़की आए!"

हर्षदाने एकच वाक्य बोलायचं होतं, "हमारा कपड़ा फटता नहीं."

ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली आणि हातातलं कापड ताणून बघू लागली.

"बोलो बेटी."

"चाचा, सराव की जर्सी आपके ही कपड़े की थी ना? फट गयी थी."

कॅमेरावाला हसला. चाचा म्हणाले, "अच्छा, तो इतना बोलो, 'फटा भी, तो जीत के बाद फटा.'"

जाहिरात तीच आहे. लोकांना आवडली. संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून एका उदाहरणावर आधारलेल्या या निष्कर्षाला माझा आक्षेप होता. तो कुणी मागितला नाही.

*

हा प्रसंग हर्षदाने सांगितला. शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयाचं नाव घ्यायला आमच्या प्राचार्यांची मनाई आहे, म्हणून घेत नाही. त्यांचे प्रशिक्षक राहनाळला तिच्या घरी गेले. पेढे घेऊन नव्हे, स्पॉन्सरचा मॅनेजर घेऊन! मॅनेजरने लॅपटॉप उघडून हर्षदाच्या आईला ऑफर समजावली. मोबाइल, स्कूटी, दर महिन्याला दोन रील्स.

आई भाजी निवडत होत्या. "स्कूटी कनाला?"

"ताई, कॉलेजला यायला-जायला."

"माजी पोर पलते. तिला स्कूटीव बसवून तुमाला काय करायचा हाय?"

मॅनेजरने स्लाइड पुढे नेली. आईंनी हात वर केला. "त्या र्‍हऊंद्या. तुमच्या कॉलेजान तिच्या इषयाची बाई कशी हाय?"

प्रशिक्षकांना त्यांच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतात की नाही, हेच ठाऊक नव्हतं. हा किस्सा मी हर्षदाकडून तीनदा ऐकला. दोनदा मीच विचारला.

*

संघात कोपऱ्यावर सुप्रिया जाधव असते. तिची पकड सुटत नाही, असं भोईर सर म्हणतात, आणि हा दावा ते दर आठवड्याला वाढवत नाहीत, म्हणजे खरा असावा. तिला स्पॉन्सर नाही. मी विलासशेठांना कारण विचारलं.

"मॅडम, पकडीत चेहरा कुठं दिसतो?"

सुप्रिया तिथेच होती. तिने मोबाइल काढून वर्तमानपत्रात आलेले आपले फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत ती खाली वाकलेली, डोकं कुणाच्या तरी गुडघ्याशी.

"माझ्या प्रत्येक फोटोत दुसरीचाच पाय असतो, मॅडम," ती म्हणाली. "पण पाय ओळखू येतो हां! हा बघा, हा हर्षदाचा. सरावातला."

मी तिच्याबरोबर मनापासून हसले. आम्हा दोघींना एकमेकींचं हसणं कळलं, असं मला वाटतं.

*

एकदा तोंडी परीक्षेत मी हर्षदाला म्हटलं, "तू खेळात घालवतेस तो वेळ विषयाला दिलास तर विद्यापीठात पहिली येशील."

ती म्हणाली, "मॅडम, चढाई करणारीचा गुडघा पंचविशीत जातो. संख्याशास्त्रवाल्यांचं काय जातं, आणि कधी?"

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला.

*

आता शेवटचा. यात ऐकीव काही नाही.

या हंगामाच्या स्पर्धेसाठी पात्रतेचा अर्ज सोमवारी दुपारी बारापर्यंत जायचा होता. त्यावर हजेरीची खात्री म्हणून वर्गशिक्षिकेची, म्हणजे माझी सही लागते. शनिवारी मी हजेरी काढली. पंच्याहत्तर टक्क्यांना हर्षदाच्या दोन तासिका कमी पडत होत्या. त्या शूटिंगमध्ये गेल्या होत्या.

"दोनच, मॅडम!" भोईर सर म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला."

"त्या दुसऱ्या कॉलेजात हजेरी कुणी विचारत नाही. आपल्याकडून अर्ज बाद झाला तर तिला तिकडून नाव नोंदवता येतं. ते त्याचीच वाट बघतायत!"

रविवारी मी शिपायाला सांगून वर्ग उघडून घेतला आणि एका विद्यार्थिनीसाठी दोन तासिका घेतल्या. पूर्ण, फळ्यावर लिहून. दुसऱ्या तासाला सुप्रिया येऊन मागच्या बाकावर बसली.

"तुझी हजेरी पूर्ण आहे," मी म्हटलं.

"हजेरी नको मॅडम. एकीसाठी वर्ग भरतो म्हणजे कसा भरतो, ते बघायला आले."

तास संपल्यावर मी सही केली. सहीखाली 'शेरा' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'यांपैकी दोन तासिका रविवारी, सुटीच्या दिवशी, केवळ सदर विद्यार्थिनीसाठी घेण्यात आल्या.'

हे अर्ज आता ऑनलाइन सगळ्या महाविद्यालयांना दिसतात. सोमवारी चार वाजता दुसऱ्या महाविद्यालयाचा आक्षेप आला. सुटीच्या दिवशीची तासिका हजेरीत धरता येते का?

भोईर सर प्रिंट घेऊन स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, हा रकाना माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी भरलेला नाही!"

"खोटं काय लिहिलंय?"

"खोटं असतं तर खोडता तरी आलं असतं."

मंगळवारी हर्षदा आईबरोबर आली. ती माझ्या टेबलावरचा प्रिंट वाचत राहिली. आई म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? रविवारी तुमी सोता येऊन शिकवलं, त्या मोठा काम केलंत. पन खाली जा लिवलंत, त्या तिला पुढं धाडाला लिवलंत का आरवून मागं ठेवाला?"

"जे घडलं ते लिहिलं. ते खरं आहे."

"खरा हाय, त्या मना म्हाईत हाय. मी येगला इचारतंय."

स्टाफरूममध्ये सहा जण होते. हर्षदाने प्रिंटची घडी घातली, आईच्या दंडाला धरलं आणि दोघी गेल्या.

काल यादी लागली. आमच्या संघाची बारा नावं आहेत. अकरा नावांपुढे 'पात्र' असं छापलं आहे. हर्षदाच्या नावापुढे 'पात्र' नाही, 'अपात्र'ही नाही; आक्षेपाचा निर्णय अजून व्हायचा आहे. पहिला सामना उद्या सकाळी नऊ वाजता आहे.