इंटमधला अद्धा

माझी फजिती मीच सांगतो. दुसरा कोणी तिखटमीठ लावून सांगेल, आणि ते मला खपायचे नाही.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी कारखान्यात भट्टीच्या आतून विटा लावायचो. तिथे विटेला सगळे ईंट म्हणत आणि अर्ध्या विटेला अद्धा. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातचा थर कधी सुटला नाही.

मुलगी नलू कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. हौसेने मीच घातले होते. एका संध्याकाळी ती मैत्रिणीला समजावत होती, "देख, पहले इंट. इंट में आधा नहीं रहता. सात का आधा करेगी तो तीन मिलेगा, बाकी गिर जाएगा."

मी पेपर खाली ठेवला.

"और चार में एक ही आता है."

आता तुम्हीच सांगा, बापाने काय समजायचे? जन्मभर विटा मी लावल्या. पोरीच्या वाट्याला त्या येऊ नयेत म्हणून क्लासला पाठवले, आणि मास्तर शिकवतो काय, तर ईंट. तीही चुकीची! अद्ध्याशिवाय वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावरून सरकतो का कधी?

"हे कोन शिकवते तुले?"

"सर. कावून, बाबा?"

"उद्या येतो मी. नाव काढून टाकतो तुह्यं."

नलूचा चेहरा उतरला. "बाबा, पुढच्या हप्त्यात परीक्षा आहे. पहले सुन तो लो."

ऐकायला मला वेळ नव्हता. सकाळी कूलरच्या पायाखालचा अद्धा काढून पिशवीत घातला आणि क्लास गाठला. सर म्हणजे टाय लावलेला पोरगाच. भरल्या वर्गात मी अद्धा त्याच्या टेबलावर ठेवला.

"ये क्या है, सर?"

"अद्धा है, काका."

"तो फिर लड़की को क्यों पढ़ाया कि आधा नहीं रहता? मैंने भट्टी में जिंदगीभर लगाए. एक नहीं गिरा."

सर हसला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. त्याने फळ्यावर तीन इंग्रजी अक्षरे काढली.

"काका, ये ईंट नहीं, इंट है. कंप्यूटर में पूरे नंबर का डिब्बा. साढ़े तीन डालो तो तीन रहेगा, आधा कट जाएगा. आधा रखना हो तो दूसरा डिब्बा है, फ्लोट."

"और चार?"

"वो गिनती का चार नहीं, कैरेक्टर वाला चार है. उस डिब्बे में एक ही अक्षर आता है."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. नलूने डोके वहीत खुपसले होते.

"ठीक है. पढ़ाओ," म्हणालो आणि ताठ मानेने बाहेर पडलो. नाव काढायचे राहून गेले.

संध्याकाळी बायको म्हणाली, "कूलर डुगडुगून राहिला. पायाखालचा अद्धा कुठी गेला?"

अद्धा सरच्या टेबलावरच राहिला होता, आणि मागायला मी जाणार नव्हतो.

नलूने वहीतून मान वर केली नाही.

"आई, बाबांनी तो इंटमध्ये टाकला. गिर गया."