भोईरवहिनींचा सुधन्वा

भोईरवहिनी गेल्या हे मला मंगळवारी सकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर कळले, तेव्हा भिवंडीतल्या आमच्या टेमघरच्या गल्लीतले सारे यंत्रमाग चालू होते. त्यामुळे निरोप घेऊन आलेल्या त्यांच्या सुनेला ते वाक्य दोनदा, आणि दुसऱ्यांदा ओरडून, सांगावे लागले. असली बातमी कोणावर ओरडून सांगायची वेळ येऊ नये... शोकसभेत आमच्या वाचनालयातले खेडकर म्हणाले की बातमी येताच अवघे टेमघर स्तब्ध झाले. खेडकरांना भाषण करायचे होते, म्हणून टेमघर स्तब्ध झाले. प्रत्यक्षात एकही माग थांबला नव्हता, आणि वहिनींना ते अधिक आवडले असते.

शोकसभेत आणखीही बरेच बोलले गेले, आणि त्यातले बहुतेक चुकीचे होते, म्हणून हा लेख. ज्यांना सुधन्वा ठाऊक नाही त्यांना सांगतो, तो एका रहस्यकथामालेचा नायक, गुप्तहेर. मूळ लेखक वारले, मालिका अर्ध्यावर थांबली आणि माझ्या वाचनालयातली आम्ही काही चाहते मंडळी पोरकी झालो. तरी दर शुक्रवारी आम्ही जमत असू. शुक्रवारी माग बंद असतात. भिवंडीत मोठ्याने वाचलेले त्याच दिवशी ऐकू येते. बैठकीचा एक नियम होता. ज्याला एखादी कथा इतरांना सुचवायची असेल, त्याने ती स्वतः वाचून दाखवायची आणि रहस्य उलगडण्याच्या अलीकडच्या पानावर थांबायचे. लोकांनी पुढचे मागितले तर शिफारस मान्य. लोक चपला शोधू लागले तर अमान्य.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची पत्नी. माहेर जवळच्या वळ गावचे, तिथल्या शेतांवर आता गोदामे उभी आहेत. सासरचे घर टेमघरात, कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून. पुस्तके बदलायला त्या वाचनालयात येत, फार बोलत नसत. एकदा परत केलेल्या पुस्तकात घडी घातलेले कागद निघाले. मी विचारले, हे काय. त्या म्हणाल्या, "भाऊजी, लिवनारा मेला. सुधन्वा मेला न्हाय ना? मंग त्याला बसवून कशाला ठेवलाय?"

त्यांनी स्वतः लिहिलेली ती सुधन्वाची कथा मी त्याच शुक्रवारी बैठकीत वाचून दाखवली. आता खेडकर सांगतात की वहिनींची प्रतिभा प्रथम त्यांनी ओळखली. मी त्या दिवशीचा साक्षीदार आहे. खेडकरांनी चपला शोधल्या होत्या. एक सापडलीही होती. पुढचे मागितले ते अन्सारीचाचांनी. चाचा कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे; मराठी त्यांना वाचता येत नसे, ऐकलेले मात्र एक अक्षर सुटत नसे. ते म्हणाले, "मास्टर, रुको मत. गवाह झूठ बोलता है." त्या कथेतले रहस्य आता गल्लीत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून सांगतो. साक्षीदार म्हणतो, घड्याळाचे ठोके ऐकून मला जाग आली. सुधन्वा फक्त विचारतो, त्या दिवशी वार कोणता होता? बुधवार. बुधवारी भिवंडीत घड्याळाचे ठोके कोणाला ऐकू येतात? खेडकरांचा आक्षेप होता की मूळ लेखकाने असे कधीच लिहिले नसते. अगदी बरोबर. मूळ लेखकाचा सुधन्वा पिस्तूल काढायचा. वहिनींचा सुधन्वा स्वयंपाकघरात पाटावर बसायचा, चहा मागायचा आणि ऐकायचा. त्या कथांच्या झेरॉक्स प्रती मी कल्याणपासून दापोड्यापर्यंत ज्याच्या त्याच्या हातात कोंबल्या. काही जण मला टाळू लागले, पण वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढची कथा मागायला आले.

कथा मी सुधारून देत असे, हेही खोटे आहे. तशी माझी हिंमत नव्हती. मी वाचताना वहिनी खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून सुपारी कातरत बसत. माझ्याकडून एखादे वाक्य गळले की अडकित्ता थांबायचा. त्या मागे वळून पाहत नसत, एक शब्द बोलत नसत. मी मुकाट्याने मागे जाऊन ते वाक्य घ्यायचो, मग अडकित्ता पुन्हा चालू. चाळीस वर्षे मी वर्गात मुलांना गप्प केले. मला गप्प करणारा तो एकच आवाज, आणि तोही थांबून गप्प करणारा.

शोकसभेनंतर खेडकरांनी वहिनींच्या मुलाला सुचवले की कथांचे पुस्तक काढावे, पण नायकाचे नाव बदलून. उसन्या नायकामुळे आईला कोणी लेखिका मानणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मुलाला ते पटले. आईला मान मिळावा असे कोणाला वाटणार नाही? मी कडाडून विरोध केला. आजारपणात मीही वहिनींना पुस्तकाचे विचारले होते. त्या म्हणाल्या होत्या, "माजा नाव नसला तरी चालंल. त्याचा बदलाचा न्हाय." हे मी मुलाला सांगितले. खेडकर म्हणाले की मास्तरांना आता वयामुळे नीट आठवत नाही.

गेल्या शुक्रवारी, नाव बदलल्याने काही बिघडत नाही हे दाखवण्यासाठी, खेडकरांनी वहिनींची शेवटची कथा 'विक्रांत' असे नाव घालून वाचायला घेतली. मुलगा आणि सून समोर बसले होते. खेडकर वाचतात बरे, हे मान्य करतो. विक्रांत आला, पाटावर बसला, त्याने चहा मागितला. अन्सारीचाचा बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच मला विचारले, पण माग बंद होते, सर्वांना ऐकू गेले, "मास्टर, ये आदमी तो ठीक है. पर अपना सुधन्वा कब आएगा?"

कोणी हसले नाही. सुनेने पदर डोळ्यांना लावला. मुलगा उठला, त्याने खेडकरांच्या हातातले कागद घेतले आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, "काका, पहिल्यापासून वाचा. आईचं होतं तसं."

पुस्तकात सुधन्वाच राहणार आहे. ती सूचना आपलीच होती, असे खेडकर लवकरच सांगू लागतील. मी कथा पहिल्यापासून वाचली, आणि नियमाप्रमाणे अलीकडच्या पानावर थांबलो. मधे कुठेतरी एक वाक्य माझ्याकडून गळले, हे घरी गेल्यावर लक्षात आले...

शेवटच्या कथेचे रहस्य मी इथे सांगणार नाही. शुक्रवारी या, माग बंद असतील. बसायला जागा पुष्कळ आहे. फक्त खिडकीपाशी बसू नका. तिथे अडकित्ता ठेवलेला आहे.