सलाम सोडवणारे मामा

मामांना कशाची म्हणून किळस येत नसे. बैलाच्या सडलेल्या खुरात बोट घालून ते अळ्या काढत आणि लगेच हात धुऊन पिठलं-भाकरीला बसत. मी पुण्याहून आलेला नवा डॉक्टर, नाकाला रुमाल लावून उभा. मात्र कुणी कुणापुढे वाकून सलाम ठोकला, की मामांचं तोंड कडू व्हायचं. "भाकरीसाठी कोनी वाकलं का मले कसंतरीच होते. वाकनाऱ्याची नाही येत शिसारी, वाकवनाऱ्याची येते," असं ते म्हणत.

नवं मराठी राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. धामणगाव बढ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी तात्पुरता डॉक्टर होतो आणि मामा ड्रेसर. मलमपट्टी त्यांच्याकडे, सही माझ्याकडे. मामांच्या वडिलांनी जन्मभर गावाला वाकून जोहार घातला होता. धर्म बदलला त्या दिवशी मामांनी तो सोडला. गावातल्या काहींना ते अजून पचलं नव्हतं.

मलकापूरला आलेली एक सर्कस आपलं आजारी माकड मागे टाकून गेली, ते आमच्याकडे आलं. माकड कसलं, आसामच्या जंगलातला गिबन होता तो. काळाभोर, पांढऱ्या भुवया, गुडघ्याखाली पोचणारे हात. अंगात मळका झगा. सुळे उपटलेले. गळ्यातला पट्टा कातडीत इतका रुतला होता की खाली पू झाला होता. मामा पट्टा कापत होते, तेव्हा त्या वेदनेतही त्यानं उजवा हात कपाळाला लावून आम्हाला सलाम केला. मला हसू आलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथंच विरलं.

जखम तीन आठवड्यांत भरली. सलामाची जखम मात्र भरेना. कुणी दिसलं की हात कपाळाला! गावाला तर फुकटचा तमाशाच मिळाला. लोक कुंपणाशी गर्दी करत, दाणे दाखवून सलाम घेत, वर एकमेकांना टाळ्या देत. एका पाटलानं त्याला पेटती बिडी दिली आणि तो ती सराईतासारखा ओढू लागला. लोक पोट धरून हसले. इतकी हिडीस गंमत मी पुन्हा पाहिली नाही. मामांनी बिडी काढून पायाखाली चिरडली. "पाटील, नातवाले देजा घरी."

मामांची रीत साधी होती. सलाम केला की पाठ फिरवायची, फांदी धरली की फळ द्यायचं. उंबरं, पपईच्या फोडी आधी आवारातल्या चिंचेच्या खालच्या फांदीवर, मग वरच्या, मग शेंड्याजवळ. "वर जाय बे, वर! खाली कोन हाये तुहं?" सुरुवातीला तो उपाशी राहिला, मामाही त्याच्यासमोर उपाशी बसले. पुढं एका सकाळी शेंड्यावरून अशी काही लांबलचक आरोळी उठली की खुंट्याचे बैल बिचकले. तो गात होता. मामा खाली उभे राहून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. "इसरला, डॉक्टरसाहेब. सलाम इसरला."

जंगल खातं त्याला आसामात त्याच्या रानात सोडायला तयार झालं होतं. फक्त आमच्या मोठ्या साहेबांची सही हवी होती. कागद घेऊन मी वाट पाहत होतो. साहेब तपासणीला आले, झाडाखाली उभे राहिले, घड्याळ पाहिलं. गिबन शेंड्यावर पाठ करून बसलेला. "काही करतं की नाही हे?" साहेब वैतागून म्हणाले.

माझी नोकरी कायम करायचा कागदही त्यांच्याचकडे होता. माझा हात त्याच्या टोपलीतल्या केळ्याकडे कधी गेला ते कळलंही नाही. केळं उंच धरून मी सर्कशीतल्या माणसासारखा ओरडलो, "सलाम!"

तो बराच वेळ हलला नाही. मग एकेक फांदी उतरत खाली आला आणि त्यानं सलाम केला. साहेब खूश झाले. आसामचा कागद बिनसहीचाच घडी होऊन साहेबांच्या खिशात गेला आणि गिबन जीपमध्ये, बंगल्यावर, साहेबांच्या मुलांना खेळायला. मामा पपईची फोड हातात धरून उभे होते.

त्या हिवाळ्यात तो बंगल्याच्या व्हरांड्यात साखळीला बांधलेलाच मेला. बातमी आली तसा मामांनी उंद्रीच्या दवाखान्यात बदलीचा अर्ज दिला. निघताना ते माझ्या टेबलापाशी आले.

"एक इचारू, डॉक्टरसाहेब? सायबानं तोंडानं मागतला होता का सलाम?"

"नाही, मामा."

"मंग काऊन देल्ला?"

मी नोकरीत कायम झालो होतो. एवढंच उत्तर होतं.