वगळलेली रेघ

माझ्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली, एक जाडजूड फ्रेंच अल्बम आहे. पॅरिसमधल्या बड्या लोकांची व्यंगचित्रं आहेत त्यात, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको विचारते, "हे धूड देऊन टाकू का?" आणि मी दर वेळी नको म्हणतो. का नको, ते तिला सांगितलेलं नाही. चित्रं सुंदर आहेत एवढंच सांगतो, आणि ते खोटंही नाही.

अल्बम मला रियाधमध्ये मिळाला. तिथे मी एका इंजिनियरिंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. कुवेत पडलं त्या ऑगस्टमध्ये आमचा फ्रेंच इंजिनियर दोन दिवसांत सामान बांधून मायदेशी गेला. फ्रीज, गालिचा, खुर्च्या लोकांनी तासाभरात लांबवल्या. मी उशिरा पोचलो, त्यामुळे माझ्या वाट्याला हा अल्बम आला. कुणाला नको होता. आतल्या बायकांचे उघडे खांदे कस्टमवाल्यांनी जाड काळ्या पेनाने झाकून टाकले होते, इतके मन लावून की एका बाईला तर बुरखाच चढला होता.

पहिले दोन दिवस मी नुसता हसत होतो. घोड्यांच्या शर्यतीला आलेले ढेरपोटे, समुद्रकाठी पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्या, नव्या फॅशनच्या झग्यात अडकलेल्या शेठाण्या. मग हसू ओसरलं आणि माझ्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. आम्ही एका भिंतीसाठी चाळीस रेघा मारतो. हा गडी चार रेघांत अख्खा माणूस उभा करत होता. कित्येकदा चेहराच नाही, नुसती पाठ! पण त्या पाठीवरून माणसाचा पैसा, वय, बायकोशी पटतं की नाही, सगळं कळायचं. इंजिनियरने जाता जाता मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं होतं की हा चित्रकार त्याच लोकांत जेवायचा, त्यांच्याच गप्पा ऐकायचा, आणि घरी जाऊन त्यांना काढायचा. "काय काढायचं ते सगळ्यांना कळतं," तो म्हणाला होता, "काय गाळायचं ते याला कळायचं."

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. नको तितकं गेलं.

माझ्या हाताला खाज आहेच. मी ऑफिसातल्या लोकांना काढायला लागलो. आमच्याकडे खराब निघालेल्या झेरॉक्स फेकत नसत. एका ट्रेमध्ये टाकून ठेवत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही कच्चं काम करायचो. त्या कागदांवर मी केरळचा सेक्रेटरी काढला, टाईपरायटरवर बगळ्यासारखा वाकलेला. इजिप्तचा सर्व्हेयर काढला, पोटावर चहाचा कप टेकवलेला. कागद टेबलाटेबलांवरून फिरायचे आणि हशा पिकायचा. इराकच्या क्षेपणास्त्रांच्या धास्तीचे दिवस होते, लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. खिडक्यांना चिकटपट्ट्या मारल्या होत्या, आणि गॅसचे मुखवटे सगळ्यांना पुरले नव्हते. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी ओला टॉवेल तोंडाला बांधायचा, असा हुकूम होता.

ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. नकाशांच्या निळ्या प्रिंट काढायचं अमोनियाचं मशीन ते चालवत. साठीला आलेले, रुंद, बसक्या अंगाचे, आणि अंगाला कायम तो नाक झोंबवणारा वास. मी नवा असताना इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या, रांगेत कुठे उभं राहायचं इथपासून मासळी बाजारात कुणाकडून घ्यायचं नाही इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. दर शुक्रवारी मला जेवायला बोलवत. गॅसची भीती त्यांना नाही, असं ते मोठ्याने सांगत. "पंदरा वर्सा अमोनिया खातंय मी," म्हणत, "आजून कंचा गॅस मना मारनार?"

भीती होती ती वेगळीच. गावाला त्यांच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. बाई म्हणाली, माझा माणूस येऊ दे, मग काय कापायचं ते कापा. मुलांनी समजावलं, भावांनी समजावलं, ती हलेना. चाचांना जायलाच हवं होतं. पण पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा इकामा होता तो मालक. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

अर्ज इंग्रजीत मीच लिहून दिला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अडचण अशी की सायरन वाजायला लागल्यापासून आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या आया एकदम आजारी पडल्या होत्या. ज्यांच्या आया वारल्या होत्या त्यांच्यासुद्धा. कफील दुष्ट नव्हता, पण रोज असले अर्ज वाचून त्याचं डोकं उठलं होतं. तरी चाचांचा अर्ज त्याने ठेवून घेतला. "एवढ्या वर्षांचा माणूस आहे," म्हणाला, "परत टाईप करून, प्रत जोडून आणा, बघतो." सेक्रेटरीने टाईप केला, झेरॉक्स काढली. एक प्रत काळपट आली, ती ट्रेमध्ये गेली. दुसरी काढून ठेवली.

त्याच संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी सायरन वाजला. सगळे मधल्या खोलीकडे धावले. मी प्रिंटच्या खोलीवरून जाताना आत पाहिलं. चाचा टेबलाखाली होते. म्हणजे अर्धे. डोकं आणि खांदे टेबलाखाली, आणि बाकीचा ऐवज बाहेर. डोक्याभोवती ओला टॉवेल, नव्या नवरीच्या पदरासारखा. एक चप्पल पायात, एक मशीनजवळ उलटी पडलेली. टेबलावरून टेलिफोनची काळी, गुंडाळी-गुंडाळीची वायर खाली उतरून त्यांच्या कानाकडे गेली होती. मी हे सगळं एका नजरेत पाहिलं आणि पुढे पळालो. आणि मला लाज वाटते हे लिहायची, पण त्या बंद खोलीत मी मेलो तर काय होईल याचा विचार करत नव्हतो. ती पाठ कशी काढायची याचा करत होतो.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर ट्रेमधला वरचा कागद ओढला आणि काढून टाकली. सात रेघा. टॉवेल, पाठ, दोन पाय, चप्पल, टेबलाची कड, मशीनचा कोपरा. कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं, 'पंधरा वर्षं अमोनिया'. वायर मी काढली नाही. पेन तिथे नेलं होतं, पण थांबवलं. वायर दाखवली तर माणूस कुणाशी तरी बोलतोय असं होतं, आणि बोलणाऱ्या माणसाला कुणी हसत नाही. भ्यालेल्याला हसतात. फ्रेंच माणसाने गाळली असती, असं मला वाटलं. मी खूष होतो स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद फिरला. सर्व्हेयर हसून हसून खोकायला लागला. शेवटी कागद सेक्रेटरीच्या टेबलावर पोचला आणि चित्राची बाजू खाली करून पडला. वरच्या बाजूला काय होतं, ते मी काढताना पाहिलंही नव्हतं. चाचांच्या अर्जाची ती काळपट झेरॉक्स होती. सेक्रेटरीला वाटलं, हीच जोडायची प्रत. त्याने अर्जाला टाचली आणि फाईल आत पाठवली. मुद्दाम केलं नाही त्याने, एवढं मी आजही शपथेवर सांगेन.

मी नकाशे दाखवायला कफीलच्या खोलीत उभा होतो. त्याने अर्ज वाचला, मान हलवली, सहीसाठी पेन उघडलं. मग प्रत उलटली. आधी नुसता बघत राहिला, आणि मग असा हसला की डोळे पुसायला लागला. चाचांना बोलावणं गेलं. ते आले, दारात चपला काढून, दोन्ही हात पुढे बांधून. पासपोर्ट मिळणार असं त्यांना वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं. कफीलने कागद त्यांच्यासमोर धरला. "खव्वाफ," म्हणाला. भित्रा. रागाने नाही, लाडाने म्हणाला, ते जास्त वाईट होतं. बायकोचं कशाला सांगतोस, घाबरलोय म्हण की. लढाई संपली की जा. खलास.

चाचांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. कफीलने डोळे पुसत विचारलं, "कुणी काढलं हे? छान काढलंय."

खोलीत आम्ही तिघं. माझ्या हातात नकाशांची गुंडाळी, बोटांना त्याच पेनाची शाई. माझा हात ओळखणारा माणूस माझ्यापासून दोन फुटांवर होता. मी बोलायला हवं होतं. चित्र माझं आहे, अर्ज खरा आहे, तो माणूस तेव्हा टेलिफोनवर होता, ही तीन वाक्यं. अरबी मला तेवढं येत होतं. पण माणसांची चित्रं काढतो म्हणून माझाच इकामा गेला तर, असं काहीतरी मनात आलं, आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

"मा अदरी," चाचा म्हणाले. मला माहीत नाही. आणि चपला घालून गेले.

लढाई त्यानंतर महिन्याभराने संपली. तेवढे दिवस मी रोज ठरवायचो की उद्या कफीलकडे जाऊन सांगतो. रोज काहीतरी निघायचं. शुक्रवारी जेवायला जायचं मी टाळलं. पोट बिघडलंय म्हणालो. चाचांनी डब्यातून पेज पाठवली. शेवटी पासपोर्ट मिळाला, चाचा गेले. ते पोचल्यावर बाई दवाखान्यात गेली, पण डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवलं. महिन्या-दीड महिन्यापूर्वी आणायला हवं होतं, असं म्हणाले. पावसाळ्याच्या आत ती गेली. हे मला सेक्रेटरीने सांगितलं, टाईप करता करता.

चाचा परत आले तेव्हा ऊन तापलेलं होतं आणि खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्यांचे डाग तेवढे राहिले होते. मी प्रिंटच्या खोलीत गेलो. आधी ठरवून, घरी आरशासमोर बोलून गेलो होतो. ते मशीनमध्ये कागद सरकवत होते. वाळलेले दिसत होते, सदरा खांद्यावरून उतरत होता.

"चाचा," मी म्हणालो, "ते चित्र..."

"मना ठाव हाय," ते म्हणाले. मागे वळले नाहीत. "माझं पाय आसं दुसरा कोन काडनार? बरोबर काडलंस."

पुढचं तेच बोलले. त्या संध्याकाळी दोन तास खटपट करून लाईन लागली होती. गावात फोन एकट्या दुकानात. बाई पोटाला हात लावून चालत तिथपर्यंत आली होती. चाचांनी तिला सांगितलं, मालक सही करतोय, मी आठवड्यात येतोय, तू दवाखान्यात भरती हो. आणि ती हो म्हणाली होती. पहिल्यांदाच हो म्हणाली होती. तेवढ्यात भोंगा वाजला. "फोन कसा ठेवू?" ते म्हणाले. "तसाच घेऊन टेबलाखाली शिरलो. आठवडा झाला तवापासून ती इचारीत रायली, तू कुटं हायस. मंग म्हनाली, तू येत नाय तवर मी बी जात नाय."

मशीनमधून निळा कागद बाहेर आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून वाळत ठेवला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. माझ्यावर रागावलेले नव्हते. उलट काहीतरी मागत असल्यासारखे बघत होते.

"फोनची वायर तेवडी काडायची ऱ्हायली चित्रात," ते म्हणाले. "ती आसती तं मालकाला कललं आसतं. तू दारातून बगितलंस. तुला दिसली नसंल. नाय?"

आरशासमोर पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडात होतं.

"नाही चाचा," मी म्हणालो. "दिसली नाही."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मना वाटलाच," म्हणाले. मग खाली वाकून पिशवीतून एक पुडी काढली. कोलंबीचे सोडे होते. बाईने आजारपणात अंगणात बसून वाळवले होते, त्यातले शेवटचे, माझ्यासाठी राखून आणले होते.

मी ते घेतले.