बाही ओढायचं काम

व्यंकटीला बोलायला कुणी शिकवलं नव्हतं, थांबायलाही नाही. मुखेडच्या बाजूच्या एका बाजारगावात तो तीस वर्षं गुरांची दावी-कासरे विकत आला. सोयरीक जुळवायची असो की बांधाचं भांडण मिटवायचं असो, लोक त्यालाच पुढं घालत. तेवढ्यानं गडी फुगायचा.

पंचायतीनं आठवडी बाजार एसटी स्टँडजवळून गावाबाहेरच्या माळावर न्यायचं काढलं, तेव्हाही बोलणी करायला तोच निघाला. टेम्पोवाल्यांना माळ चालला असता. पण डोक्यावर पाट्या घेऊन एसटीनं येणाऱ्या भाजीवाल्या बायांनी दोन किलोमीटर कसं चालावं? त्यांची तेवढी रांग स्टँडजवळ राहू द्या, एवढंच मागायचं होतं.

बैठकीला सोबत न्यायची माणसं मात्र त्यानं पारखून घेतली, हे खरं. "पंचायतीच्या ठरावाचा कागद मन्मथ बघंल," तो म्हणाला. मन्मथ कापडवाला, चार बुकं शिकलेला. मग तो भाजीवाल्या गंगम्माकडे वळला. "अक्का, बोलणार मी. पण माझी जीभ लई घसरती. मी वाहवत चाललो की माझी बाही ओढायची. बाहेर येऊन आपसात बोलल्याबिगर हो म्हणायचं न्हाई."

बैठकीत सरपंचांनी त्याला शेजारची खुर्ची दिली. "तुमच्यासारखा समजदार माणूस समद्या बाजारात न्हाई," ते म्हणाले. "माळावर पुढची जागा तुमची. बाजार कसा, एका ठिकाणी शोभतो, काय?"

"शोभतो तर!" व्यंकटी विरघळलाच.

गंगम्मानं बाही ओढली. तो बोलतच राहिला. तिनं पुन्हा ओढली.

"ए बाई, गप बस की!" तो सगळ्यांदेखत खेकसला. "मोठी माणसं बोलायलीत, दिसत न्हाई?"

हशा पिकला. त्या हशाच्या भरात त्यानं सगळा बाजार हलवायला हो म्हणून टाकलं. मन्मथनं कागद उघडलाही नव्हता.

बाहेर आल्यावर त्याचे कान तापले. जे काम त्यानंच अक्काला नेमून दिलं, त्याच कामासाठी त्यानं चारचौघांत तिचा पाणउतारा केला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्टँडवर बाया वाट बघत होत्या. सगळा बाजार हलणार हे ऐकून त्यांच्यातल्या शरणम्मानं विचारलं, "पर हो म्हटलं कुणी?"

व्यंकटी दोन पावलं मागं सरला.

"समद्यांनी मिळून," गंगम्मा म्हणाली.

मग बाया तिच्यावरच उलटल्या. "तू हुतीस ना तिथं? तुला तोंड नव्हतं का?"

गंगम्मानं खाली बघत सगळं ऐकून घेतलं. व्यंकटी दोन पावलांवर उभा होता. त्यानं तिला ते ऐकू दिलं.